पोटासाठी जाहिरात, जिवासाठी अक्षर

२०२५च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत महाराष्ट्रातून एका अक्षरकाराचे नाव होते, अच्युत पालव. कलेच्या विभागात त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पालवांची सुलेखन शाळा आमच्या नवी मुंबईत आहे. इथल्या अनेक घरांतली मुले सुट्टीत बोरू आणि शाई घेऊन तिथे जातात, त्यामुळे या बातमीचा आनंद शहराला घरचाच वाटला. पण बातमी दोन दिवसांत मागे पडली आणि एक प्रश्न तसाच राहिला. आपण रोज वाचतो ती अक्षरे येतात कुठून? दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, मोबाइलचा पडदा, शाळेचा दाखला या सगळ्यांवरचा ‘अ’ कुणीतरी कधीतरी हाताने काढलेला असतो. ज्याने तो काढला, त्याचे नाव आपल्याला माहीत नसते.

या अक्षरांचा इतिहास धुंडाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जाहिरातीत, छापखान्यात, वर्तमानपत्रात पोटासाठी काम करणाऱ्या माणसांनी आपल्या फुरसतीत, कुणी मागितले नसताना, पदरमोड करून जे उद्योग केले, त्यातले बरेचसे शेवटी समाजाच्या कामी आले. देवनागरीचे हे नशीब उर्दूच्याही वाट्याला थोडेफार आले. दोन्ही लिप्या शिकवणारा शिक्षक म्हणून मला या दोघींची कथा वेगळी काढून सांगता येत नाही.

फडणीस आणि खुशनवीस

मराठी शाळेतल्या लेखनाच्या वस्तू मोजून पाहा. शाई हा शब्द फारसी ‘सियाही’पासून आला. दौत, कागद, कलम, दप्तर, तक्ता हे सगळे अरबी-फारसीतून आले. मुले ज्यावर अक्षर गिरवतात तो ‘कित्ता’ म्हणजे अरबी ‘कितआ’. उर्दू सुलेखनात उस्तादाने लिहून दिलेल्या तुकड्याला आजही कितआच म्हणतात. चिटणीस, फडणीस, पोटनीस ही आडनावे घ्या. त्यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. सुंदर अक्षर काढणाऱ्याला उर्दूत ‘खुशनवीस’ म्हणतात. म्हणजे फडणीस आणि खुशनवीस एकाच शब्दाच्या घरातले.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपण इतिहासात शिकतो. तरी शाई आणि कागद हे शब्द मराठीने सोडले नाहीत. आदिलशाही आणि निजामशाहीच्या काळातले असे कागद उपलब्ध आहेत, ज्यांवर एकच मजकूर फारसीत आणि मोडी मराठीत लिहिलेला आहे. एक लिपी उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून. कागद एक, शाई एक आणि लेखणीही बोरूचीच.

मोडी हे नावही विचार करायला लावते. फारसीत भरभर लिहिण्याच्या एका वळणाला ‘शिकस्ता’ म्हणतात, म्हणजे मोडलेली. यावरून मोडी ही शिकस्त्याची नक्कल असावी, असे मत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मांडले होते. त्यावर विद्वानांत एकमत नाही आणि काळाचा हिशेबही नीट जुळत नाही. पण दोन्ही लिप्यांची गरज सारखी होती. कारकुनाला हात न उचलता भराभर लिहायचे होते, म्हणून अक्षर मोडले.

दगड आणि खिळा

छपाई आली तेव्हा या दोन वाटा फुटल्या. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करत होते. तिथली कला पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र बनवले आणि शाईचेही प्रयोग केले. पुढे ते खिळ्यांकडे वळले. जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या देवनागरी अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आज किती जणांना माहीत असेल? भारतभरच्या संस्कृत पंडितांनी ज्या टाइपात पोथ्या वाचल्या, तो या कारागिराच्या हातचा.

देवनागरी खिळ्यात बसवणे सोपे नव्हते. एकटा ‘र’ घ्या. पर्वतात तो डोक्यावर चढतो, क्रमात पोटाखाली जातो, राष्ट्रात काकपदासारखा पायाशी बसतो आणि दऱ्याखोऱ्यांत पापणीसारखा आडवा होतो. हे सगळे अवतार, काना-मात्रा, जोडाक्षरे मिळून जुळाऱ्याच्या समोर शेकडो खणांचे कपाट उभे राहायचे. तरी देवनागरीला एक आधार होता. तिची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी ती एका ओळीत येतात.

नस्तालीकला असा दोर नाही. तिचा शब्द वर उजवीकडून सुरू होतो आणि उतारावरून खाली डावीकडे घरंगळतो. शेजारी कोण आहे यावर प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो, आणि नुक्ते एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून त्यांची जागाही बदलावी लागते. धातूच्या चौकोनी खिळ्याला हा उतार कधी जमला नाही. म्हणून उर्दू दगडावरच राहिली. कातिब खास कागदावर चरबट शाईने लिहायचा, ते लिखाण दगडावर उलटे उतरायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. मुंबईत १९३८ साली अब्दुल हमीद अन्सारी यांनी ‘इन्किलाब’ सुरू केला, तेव्हा आणि पुढेही कित्येक दशके उर्दू वर्तमानपत्र म्हणजे रोज रात्री हाताने लिहिलेले वर्तमानपत्र होते. दगड जाऊन ऑफसेट आले, तरी कातिबाचा हात सुटला नाही. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते.

उल्कामधले रघुनाथ जोशी

देवनागरीला खिळा मिळाला, पण तिचा खरा कस संगणकाच्या काळात लागला. त्या टप्प्यावर ज्या माणसाचे नाव घ्यावे लागते, ते म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. कलाक्षेत्रात त्यांना आर. के. म्हणत. जन्म १९३६चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेतले आणि नोकरी जाहिरातीच्या धंद्यात. उल्का या जाहिरात संस्थेत ते अनेक वर्षे कलादिग्दर्शक होते. कंपन्यांच्या मालासाठी अक्षरे आणि बोधचिन्हे काढणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम.

जाहिरातीचा धंदा तेव्हा मुख्यतः इंग्रजीत चाले. जाहिरात आधी इंग्रजीत विचारली जायची आणि मराठी-हिंदी तिच्या मागून यायची. रोमन अक्षरांचे शेकडो नमुने हाताशी असत, तर देवनागरीचे बोटांवर मोजण्याएवढे. ही उणीव भरून काढा असे जोशींना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी स्वतःहून जुनी हस्तलिखिते पाहिली, शिलालेख पाहिले, बोरू कापून वेगवेगळी वळणे घटवली. मराठीत दृश्यकविता लिहिणाऱ्या पहिल्या काहींत त्यांचे नाव घेतले जाते. या कवितेत अक्षराचा अर्थ आणि त्याचा आकार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. लोकांसमोर सुलेखनाचे प्रयोगही त्यांनी केले. यातून कुठल्याही साबणाचा खप वाढणार नव्हता.

त्यांचा सर्वांत मोठा खासगी प्रकल्प होता ‘देशनागरी’. सगळ्या भारतीय भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात, अशी ती रचना. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत अशी स्वप्ने पुष्कळांनी पाहिली. राज्यांच्या सीमा भाषेवरून ठरत होत्या, हिंदीवरून दक्षिणेत रान पेटले होते. लिपी एक झाली तर मने जवळ येतील, असे एका अक्षरकाराला वाटणे स्वाभाविक होते. देशनागरी मात्र कागदावरच राहिली. कुठल्याही भाषेने ती घेतली नाही.

मला या अपयशात पुढच्या यशाचे बीज दिसते. एक लिपी सगळ्यांसाठी बसवायची, तर आधी प्रत्येक लिपीची हाडे मोजावी लागतात. तमिळ कुठे वळते, गुजराती शिरोरेषा का सोडते, गुरुमुखीचा जोर कुठे आहे, हे हाताने लिहून पाहावे लागते. त्या अभ्यासाचे व्याज पुढे मिळाले.

‘मंगल’ नावाचे अक्षर

१९८०च्या दशकात जोशी जाहिरात सोडून पवईच्या आयआयटीत, तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. निवृत्तीनंतर ते एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी जोडले गेले. ही संस्था नंतर सीडॅकमध्ये विलीन झाली. सीडॅकच्या मुंबई केंद्राची एक इमारत आज आमच्या नवी मुंबईत, खारघर स्थानकासमोर आहे. लोकलमधून रोज हजारो माणसे तिच्यासमोरून जातात.

त्या काळात संगणकावर मराठी लिहिणे म्हणजे डोकेदुखी होती. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्यातल्या अक्षरांचे क्रमांक वेगळे. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हा हा घोळ सुटण्याची वाट दिसली. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. ‘र’चे चार अवतार ओळखून योग्य जागी योग्य रूप दाखवणारा फाँट कुणीतरी काढायला हवा होता. मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फाँट दिला. तो जोशींच्या देखरेखीखाली तयार झाला. विनय सायनेकर त्यांचे सहकारी होते. विंडोजमधल्या इतर भारतीय लिप्यांच्या फाँटांमध्येही जोशींचा हात आहे. त्याशिवाय एनसीएसटीतून ‘रघू’ नावाचा देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर सर्वांसाठी खुला केला गेला. तो कुणीही वापरावा, कुणीही त्यात भर घालावी.

मंगल हा काही फार देखणा फाँट नाही. पुस्तके छापणारे त्याला नाके मुरडतात. पण त्या काळच्या ढोबळ पडद्यावर तो वाचता यायचा, आणि विंडोजबरोबर येत असल्याने वेगळा विकत घ्यावा लागत नव्हता. पुढची कित्येक वर्षे सरकारी परिपत्रके, ईमेल, शाळांच्या नोटिसा आणि मराठीतले पहिले ब्लॉग बहुतांश लोकांनी याच अक्षरात वाचले. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना बोलावले, हा फरक पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट वाटते. ज्याला जेवण कुणी करायचे आणि प्रवचन कुणी द्यायचे हे कळवायचे आहे, त्याला विचारा.

फेब्रुवारी २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जोशींचे निधन झाले. सगळ्या भाषांना एक लिपी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातून शेवटी प्रत्येक लिपीला तिचे स्वतःचे अक्षर मिळाले. आपल्या देशाच्या एकतेबद्दल यातून जे कळते, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यातूनही कळत नाही.

मोडीचा कागद

अच्युत पालव याच वाटेवरचे. जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून १९८२च्या सुमारास बाहेर पडल्यावर त्यांनी उल्काच्याच शिष्यवृत्तीवर जुन्या मराठी हस्तलिखितांचा आणि मोडीचा अभ्यास केला. बाजारात मोडीला तेव्हा काहीच किंमत नव्हती. छपाईने बाळबोध देवनागरी स्वीकारली होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली होती. पालवांनी मोडीचे वळण आणि देवनागरीचा सांगाडा यांचा मेळ घालून ‘मुक्तलिपी’ घडवली. पुढे सुलेखन घेऊन ते गावोगावी फिरले, रस्त्यावर आणि शाळांत लोकांसमोर लिहिले आणि नवी मुंबईत शाळा काढून शिकवत राहिले.

मोडीचे काय करायचे, असे विचारणाऱ्यांना उत्तर २०२३ साली मिळाले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे शोधण्याची धावपळ सुरू झाली. आपल्या समाजालाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. मराठा सत्तेने दर्ग्यांना, मशिदींना, काझी आणि मुजावर घराण्यांना दिलेल्या इनामांच्या नोंदी मोडीत आहेत. अनेक घरांत जुन्या पेटीत असे कागद पडून असतात. नवी पिढी त्यांना फारसी समजते किंवा तावीज समजून बाजूला ठेवते. वक्फ जमिनींचे पुरावे मागितले जात असताना आपलेच कागद आपल्याला वाचता येत नाहीत. मोडीचा वर्ग आपल्या मोहल्ल्यात भरायला हवा, तो या कारणासाठी.

उर्दूचे जोशी

आता नस्तालीककडे येऊ. तिला खिळा मिळाला नव्हता, म्हणून ती थेट दगडावरून संगणकावर आली. कराचीचे मिर्झा अहमद जमील हे छपाईच्या धंद्यातले, घराण्याने खुशनवीस. त्यांनी उर्दूतले हजारो अक्षरगुच्छ एक एक करून हाताने लिहिले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात बसवले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्याला ‘नूरी नस्तालीक’ नाव मिळाले. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये लाहोरचा ‘जंग’ त्यात छापून निघाला. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आणले आणि आपल्याकडच्या उर्दू वर्तमानपत्रांत कातिबांच्या जागी संगणक बसले.

मुंबईनेही यात आपला वाटा दिला. लाहोरी वळणाचे उस्ताद फैज मुजद्दिद यांच्या किताबतीवर आधारलेला ‘फैज नस्तालीक’ हा फाँट मुंबईतच घडला. तो घडवण्यात मोहम्मद अस्लम किरतपुरी यांचा मोठा वाटा आहे. उस्तादाचा हात त्यांनी संगणकात जपला. किताबतीच्या धंद्याला जिने बाजूला सारले, त्याच यंत्रात उस्तादाला अमर करायला मोठे मन लागते.

मोबाइल आला तसा प्रश्न पुन्हा उभा राहिला. युनिकोडमध्ये उर्दूची अक्षरे आहेत, पण ती दाखवायची नस्खमध्ये की नस्तालीकमध्ये, हे फाँट ठरवतो. बहुतेक फोन उर्दू नस्खमध्ये, म्हणजे अरबीच्या वळणात दाखवत. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणाऱ्या मुदस्सिर अझीमी नावाच्या डिझायनरने अॅपलचे प्रमुख टिम कुक यांना खुले पत्र लिहिले. उर्दू वाचणाऱ्याला त्याच्या सवयीची लिपी द्या, एवढेच मागणे. हे त्यांच्या नोकरीचे काम नव्हते. त्याच वर्षी गूगलने नोटो नस्तालीक हा मोफत फाँट दिला आणि २०१७ साली आयफोनमध्येही नस्तालीक आली.

कित्ता कुणी द्यायचा?

एवढे होऊनही वर्गात वेगळेच चित्र दिसते. उर्दू माध्यमाची मुले मैत्रिणीला, भावाला, अम्मीला उर्दूत निरोप लिहितात, पण रोमन अक्षरांत. मराठीही तशीच लिहितात. त्यांना नस्तालीक येत नाही असे नाही. पण ती परीक्षेच्या पेपरात राहिली, खेळण्यात आणि प्रेमात उरली नाही. शाळेच्या फलकावरचा सुविचार छापील कागदावर आला आणि फळ्यावर सुंदर लिहिणारे शिक्षक निवृत्त झाले.

लोक म्हणतात, लिपी म्हणजे कौमची ओळख. देवनागरी त्यांची, नस्तालीक आपली. ज्याने कित्ता, शाई आणि फडणीस या शब्दांची मुळे पाहिली, त्याला ही वाटणी पटणार नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमानाच्या घरात दोन्ही लिप्या नांदत आल्या आहेत. नातवंडाचे नाव दाराच्या पाटीवर दोन्हींत असते. निकाहनामा एका लिपीत आणि सातबारा दुसऱ्या लिपीत असतो. एक गेली तर घराचा अर्धा इतिहास मुका होईल.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद सुलेखन आणि ग्राफिक डिझाइनची केंद्रे चालवते. आपल्या संस्थांनी ती मागावीत. देवनागरी आणि नस्तालीकचे उत्तम फाँट आज फुकट मिळतात. शाळेच्या पत्रकांत, जमातीच्या सूचनांत, लग्नपत्रिकांत ते नीट वापरावेत. ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी डिझाइन शिकते आहे, तिला सांगावे की आठवड्यातला एक तास आपल्या लिपीला दे. गल्लीतल्या वाचनालयाची पाटी काढ, मदरशातल्या मुलांना बोरू कापायला शिकव, आजोबांच्या पेटीतला मोडी कागद जाणकाराकडून वाचून घे.

जोशींना, पालवांना, मिर्झा जमील यांना कुणी पत्र पाठवून हे काम दिले नव्हते. दिवसाची नोकरी संपल्यावर त्यांनी दिवा लावला आणि कित्ता गिरवला. त्यांची अक्षरे आज आपल्या हातातल्या फोनवर आहेत. पुढचा कित्ता आपल्या मुलांना द्यायचा आहे, आणि तो दोन्ही लिप्यांत द्यायचा आहे.